कदममामांच्या जुन्या जाहिराती

नागापूरच्या आमच्या कारखान्यात डबे उघडले, की किस्सेही उघडतात. त्यातले निम्मे कदममामांचे! मामा आमचे फिटर. मोबाईलवर विकाऊ घरांच्या जाहिराती बघायचा त्यांना भारी नाद. जाहिरात निघून गेली, तरी तिचे फोटो मामांकडे जपलेले. आमच्या टेबलाचा नियमच होता, मामांना दाखवल्याशिवाय कुणी टोकन द्यायचं नाही.

स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत. "मामा, तुम्ही कधी घेणार?" विचारलं, की म्हणायचे, "आपल्याला बघायलाच आवडतं!"

* * *

गायकवाडला एक फ्लॅट पसंत पडला. 'नवीन सीलिंग, आकर्षक लाईट!' मामांनी त्याच फ्लॅटची मागच्या पावसाळ्यातली जाहिरात काढली. हॉलच्या मधोमध बादली!

"लाईट लई झ्याक हाय," मामा म्हणाले, "पन बादली कुटं गेली, तेवढं इचार."

गायकवाड अजून डब्यातली पहिली भाकरी मामांना देतो.

* * *

शेख राहुरीकडे बंगला बघून आला. एजंट म्हणालेला, पाणी भरपूर. मामांनी त्या बंगल्याच्या जुन्या जाहिरातींतले फोटो एकेक करून दाखवले. प्रत्येकात फाटकाशी टँकर उभा!

"भरपूर हाय की! चाकावर हाय, एवढंच."

* * *

मग माझी पाळी. सावेडीतलं छोटं रो-हाऊस. बायकोचा जीव त्यात अडकलेला. पण जाहिरात येऊन गेलेली, पुन्हा आलेली, तीही कमी किमतीत. मी घाबरलो. घरात काहीतरी खोट असणार!

मामा बराच वेळ मोबाईलकडे बघत बसले.

"खोट न्हाई. त्या घरच्या काकूंच्या लेकीचं बाळंतपन आलं, म्हनून जाहिरात काढून टाकली हुती. आता लेकीकडंच ऱ्हायला जायाचंय, म्हनून किंमत उतरवली. घे तू. सैपाकघरात सकाळी लई ऊन येतं."

"मामांना जाहिरातीवरून बाळंतपणसुद्धा कळतं!" सगळं टेबल हसलं. मीही हसलो, आणि घर घेतलं. आज माझ्या पोरी त्याच उन्हात बसून दूध पितात. मामांचे उपकार मी विसरणार नाही.

किल्ली घ्यायला मामांना आग्रहाने सोबत नेलं. काकूंनी दार उघडलं, आणि मला सोडून त्यांच्याकडेच बघून हसल्या.

"आलात का! मिसेस नाही आल्या? फ्रीज कुठं ठेवायचा म्हणून त्यांनी भिंतीवर पेन्सिलने खूण केली होती ना, ती मी पुसली नाही बघा."

मामांनी माझ्या हातातला पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि काकूंपुढे धरला.

"घ्या काकू. आमच्या पोरानं घर घेतलंय."