गाण्यापुरती मैनाबाई

रऊफभाईंना आता गाणी नकोशी झाली होती. परतवाड्यातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सांभाळून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवला, थेट धारणीपर्यंतची खेडी पालथी घातली आणि बायामाणसांच्या तोंडची कथागीतं कॅसेटींत भरून आणली. हल्ली अमरावतीहून विद्यापीठाची पोरं येत, फोनमध्ये उतरवून घेत, चहा पिऊन जात. गुडघे रऊफभाईंचे गेले, नाव पोरांचं झालं. चालायचंच.

एका गोष्टीचा तोरा मात्र अजून शाबूत होता. कॅसेट एवढीशी, गाणं मारुतीच्या शेपटाएवढं. म्हणून बाई जरा थांबली, खोकली, पोरावर खेकसली, की यांचं बोट बटणावर. "आपल्या कॅसेटीत गान्याबिगर शिंकबी सापडनार नाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

मंगळवारी दुपारी शालू आली. चाळिशीला टेकलेली बाई, जीपमधून उतरून सरळ दारात. मैनाबाईची पोर. निंदताना अख्खं शेत जिच्या गाण्यावर हलायचं ती मैनाबाई रेकॉर्डिंगनंतर वर्षभरातच गेली. तेव्हा शालू पाच वर्षांची होती.

"चाचा, मले गानं नाई पायजे. गानं आमची मावशीबी म्हन्ते," ती म्हणाली. "माय बोले कशी, ते मले यादच नाई. तुमी दिवसभर आमच्या घरी होते ना? तिचं बोलनं असन ना त्याच्यात?"

रऊफभाईंची नाही म्हणायची हिंमत होईना. त्यांनी कॅसेट लावली.

मैनाबाईचा आवाज खणखणीत होता. पूर्णेच्या पुरातून माहेरी निघालेल्या हिराईची कथा, कडव्यामागून कडवं. शालू कान टवकारून कडवं संपायची वाट पाही. कडवं संपे, खट्ट, की लगेच पुढचं सुरू. एवढं स्वच्छ काम आपल्याला सांगितलं होतं कोणी? रऊफभाईंना स्वतःचाच राग आला.

नवव्या कडव्यापाशी बोट जरा उशिरा पडलं होतं. "शाले, इकडं ये वं, तुले..." आणि खट्ट.

शालूनं तोंडाला पदर लावला. "पुन्हा लावा." त्यांनी लावलं. मग पुन्हा. जुनी फीत, तुटायची धास्ती, तरी दहा-बारा वेळा लावलं.

"काहून बलावलं असन, चाचा? पुढं काय म्हनली ते? तुमी तं समोरच बसले होते."

रऊफभाईंनी डोळे मिटले. ओसरी आठवली, टेपवरची आवाजाबरोबर थरथरणारी सुई आठवली. मैनाबाईचा चेहरासुद्धा धड आठवेना. तुला खाऊ देते म्हणाली, असं काहीतरी ठोकून द्यावं, हे अगदी ओठांवर आलं. पण पोरीला जन्मभरात आईचे चार शब्द मिळाले होते. त्यांत भेसळ करायला त्यांचं मन धजेना.

"बेटी, मी आयकलंच नाई," ते म्हणाले. "तुही माय बोलाले लागली, का मी गानं कधी सुरू होते याची वाट पाहो."