मोठ्यांच्या तक्त्यावर मोजलेलं बाळ

भिंगातून रक्तातल्या पेशी मोजण्यात सव्वीस वर्षं गेली, म्हणून लॅबमध्ये सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. तपासणीला येणारी माणसं बहुतेक कारखान्यातली, वयाने मोठी. तान्ह्या बाळाचं रक्त क्वचितच यायचं. पण रक्त ते रक्त, त्यात काय वेगळं, असं काकांचं मत.

भाची बाळंत झाली. बाराव्या दिवशीही बाळ पिवळसर दिसत होतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. बहिणीने नमुना थेट काकांकडे आणला. "घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं, दादा?"

पांढऱ्या पेशी चौदा हजार निघाल्या. त्यांत लिम्फोसाइट जातीच्या बासष्ट टक्के. भिंतीवरच्या तक्त्यात चाळिसाच्या वर गेलं की लाल खूण. काकांनी काच भिंगाखाली धरली, तर पेशी मोठ्या, कोवळ्या दिसल्या. कुणाला तरी विचारावं, असं एकदा वाटलं. पण सव्वीस वर्षांनी विचारायचं म्हणजे स्वतःचंच हसं. त्यांनी बहिणीला बाजूला घेतलं.

"मन घट्ट कर. रक्ताचा कॅन्सर दिसतोय."

संध्याकाळपर्यंत भाचीला कळलं. तिने बाळाला उराशी धरलं ते सोडेना. घासही घेतला नाही.

सकाळी मुलांच्या डॉक्टरबाईंकडे काकाही गेले. बाईंनी रिपोर्ट पाहिला.

"छान आहे की. ही लाल खूण कुणी केली?"

"मी," काका म्हणाले.

"जन्मताना बाळाच्या रक्तात न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. आठवड्याभरात लिम्फोसाइट पुढे जातात, ते चार-पाच वर्षं पुढेच राहतात. त्यातल्या बहुतेकांनी अजून एकही जंतू पाहिलेला नसतो. तुमच्या-माझ्या पेशी मुरलेल्या, यांचं सगळं शिकायचंय. म्हणून कोवळ्या दिसतात. तुम्ही बाळाला मोठ्यांच्या तक्त्यावर मोजलंत."

पिवळेपणही अंगावर पाजत राहिलं की ओसरेल, असं त्या म्हणाल्या. बहीण रडायला लागली.

बाहेर जिन्यात भाची थांबली. "मामा, खात्री नसताना तू आईला सांगितलंस तरी कसं?"

"खात्री होती ग," काका म्हणाले. "त्याचीच लाज वाटते."

ती बाळाचं दुपटं सारखं करून खाली उतरली.

लॅबमध्ये येऊन काकांनी मालकीणबाईंना सगळं सांगितलं आणि जुने रिपोर्ट काढले. तीन वर्षांत एकोणीस तान्ही बाळं, आणि बहुतेकांवर त्यांच्याच हातची लाल खूण. मालकीणबाईंनी लहान मुलांचा तक्ता मागवला. फोन मात्र काकांनी स्वतः केले. बऱ्याच जणांना खूण आठवतही नव्हती. डॉक्टरांनी बघून सोडून दिली होती.

एका बापाला आठवत होती.

"आठ दिवस आमच्या घरात कुणी धड बोललं नव्हतं," तो म्हणाला. "मग दुसऱ्या लॅबने सांगितलं, काही नाही म्हणून."

"तेव्हाच मला येऊन सांगायचं होतंत."

"यावंसं वाटलं नाही. तुमचं तोंड बघायचं नव्हतं."

काकांनी माफी मागितली. पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. अजून सहा नंबर राहिले होते. त्यांनी पुढचा लावला.