बरोबर एकशेवीस

भांडण शनिवारचं होतं. बिल्डिंगच्या सामायिक सौनाबाहेर, म्हणजे घाम काढायच्या गरम वाफेच्या खोलीबाहेर, हिल्का पोइकोनेन केस पुसत बसली होती. आत शेजारचा ताइस्तो आणि त्याची बायको साइमी गरम दगडांपेक्षा जास्त तापले होते.

“काटा ऐंशी अंशांच्या वर गेला की सौना, ऐंशीच्या खाली असला की कोमट पेज!” ताइस्तो म्हणत होता.

“आणि बरोबर ऐंशीवर असला तर?”

“बरोबरवर काटा थांबत नाही गं. वर तरी असतो, नाहीतर खाली.”

“डोळे फुटलेत का तुझे? थांबलाय की समोर!”

“जाता जाता टेकलाय तो.”

हिल्का तोंडाला पंचा लावून हसली. हा माणूस नगरपालिकेत संगणकाला कामं शिकवतो हे तिला ठाऊक होतं, पण तिला काय त्याचं?

तिचा जन्म टपालाच्या पिशव्या निवडण्यात गेला. नवरा गेला तेव्हा ती बेतानं रडली, बेतानं जेवली. जीव अडकला होता तो तळ्यातल्या भोकात. हिवाळ्यात तळं गोठलं की धक्क्यापाशी बर्फ फोडून ठेवायचा, म्हणजे गावाला डुंबता येतं. ते फोडायचं काम हिल्काचं आणि तिथल्या खोपटाची किल्ली हिल्काच्या गळ्यात. ती किल्ली ती झोपतानासुद्धा काढत नसे.

मग एका हिवाळ्यात डुंबणाऱ्यांच्या मंडळानं ठरवलं, किल्लीवालीनं वाचनालयातल्या यंत्रावर रक्तदाब मोजून यावं. त्या यंत्राला अक्कल ताइस्तोनं दिलेली, निवृत्त होण्याआधीचं ते त्याचं शेवटचं काम. संगणकाला सगळं जर-तर करूनच सांगावं लागतं. त्यानं सांगितलं, दाब एकशेचाळीसच्या वर असेल तर लाल, पाण्यात पाय घालायचा नाही. नाहीतर, एकशेवीसच्या वर असेल तर पिवळा, सोबत घेऊन उतरा. नाहीतर, शून्याच्या वर आणि एकशेवीसच्या खाली असेल तर हिरवा, खुशाल उतरा. आणि यातलं काहीच नसेल तर? मग दाबच नाही, म्हणजे माणूस वारला. तसं नगरपालिकेला कळवून टाकायचं.

हिल्कानं यंत्रात आपलं नाव घातलं आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशेवीस. बरोबर एकशेवीस. खाली अक्षरं उमटली, ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’

ती घरी पोचेपर्यंत रखवालदार ओइवानं अंगणातला झेंडा अर्ध्यावर आणला होता. बिल्डिंगमधलं कुणी गेलं की आणतातच.

“कोण गेलं रे?”

“तू गं.” त्यानं टोपी काढली. “वाईट झालं. चांगली होतीस.”

“अरे, मी समोर उभी आहे ना!”

“दिसतंय की. पण वरून निरोप आलाय. झेंड्याला मी माझ्या मनानं हात लावत नाही.”

साइमी मयताला नेतात तसा मासे घातलेला पावाचा केक घेऊन आली. हिल्कानंच तो कापला आणि सगळ्यांना कॉफी ओतली. मंडळानं हलक्या आवाजात किल्ली मागितली, कारण मेलेल्या सभासदाकडे किल्ली ठेवायची सोय नियमांत नव्हती. “पुन्हा मोजून येते,” हिल्का म्हणाली आणि किल्ली झग्याच्या आत सरकवली.

तिनं खारवलेले मासे खाल्ले, किटलीभर कॉफी प्यायली, जिने चढली-उतरली. एकशेवीस. दोन दिवस उपास केला. एकशेवीस. झेंडा पुन्हा खाली.

“दोरी झिजली माझी,” ओइवा वैतागला. “एकदा काय ते ठरव बाई!”

शेवटी ती ताइस्तोच्या दारात उभी राहिली. तो म्हणाला, “बरोबर एकशेवीस कुणाचा नसतो. तुझा जाता जाता टेकला असेल.”

हे हिल्कानं कुठंतरी ऐकलेलं होतं. शनिवारी तिनं स्वतः सौना पेटवला आणि काटा ऐंशीवर आला तसं ताइस्तोला आत बोलावून बाकावर बसवलं. “हा हलला तर मी मेले. किल्ली देऊन टाकते.”

मग ती लाकडं अशी बेतानं सारत राहिली, की काटा ना वर ना खाली. ताइस्तो उकडलेल्या बटाट्यासारखा झाला तरी उठेना. शेवटी पुटपुटला, “थांबलाय.”

“काय म्हणालास?” बाहेरून साइमी ओरडली. “मोठ्यानं बोल!”

सोमवारी निवृत्त असूनही वाचनालयात जाऊन त्यानं यंत्राला शिकवलं, एकशेवीस किंवा त्याच्या वर असेल तर पिवळा.

“हिरव्यात घातलं असतंस तर काय बिघडलं असतं?” हिल्कानं विचारलं.

“तर मी पुरताच हरलो असतो.”

“मग आता सोबत कोण येणार? तूच ये.”

तेव्हापासून रोज सकाळी कानटोपी आणि थर्मास घेऊन ताइस्तो धक्क्यावर कुडकुडत उभा. शिव्या तो थंडीला देई, नाव हिल्काचं घेई.

पुढे एका फेब्रुवारीत झेंडा पुन्हा अर्ध्यावर यायचा होता, तेव्हा ओइवानं आधी तिचं दार वाजवून बघितलं, बराच वेळ. या वेळी ती खरोखरच गेली होती. त्या सकाळीही ती तळ्यावर जाऊन आली होती. कुऱ्हाडीनं रात्रीचा बर्फ फोडला, तुकडे गाळणीनं काढले, मानेपर्यंत उतरली, आणि वर येऊन ताइस्तोच्या थर्मासातली कॉफी प्यायली. “पाणचट आहे रे,” ती म्हणाली. मग खोपटाला कुलूप घातलं, एकदा ओढून बघितलं, आणि किल्ली गळ्यात अडकवली.