समजलं का, असं विचारणाऱ्या बाई

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणाला दाखवायचं नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं.

गिरगावची चाळ सोडून आम्ही मीरा रोडला आलो, त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. मिस्टर नोकरीसाठी सुरतेला असायचे, महिन्यातून एकदा यायचे. मूलबाळ नाही. मजल्यावरची सगळी दारं बंद. बेव्हर्ली पार्कमधल्या एका लाँड्रीत मागच्या खोलीत बसून मी साड्यांना फॉल लावून द्यायचे. शेठ एकदा म्हणाले, "काउंटरवर बिल बनवायला बाई पाहिजे. कंप्युटर शिकून या, तुम्हालाच बसवतो." काउंटरवर निदान माणसं दिसतील, चार शब्द बोलतील, एवढ्याच आशेनं मी हो म्हटलं.

कोर्स इंटरनेटवरचा होता, मराठीतून. फी भरली की तीन महिन्यांचा पासवर्ड मिळायचा. घरी कंप्युटर नाही, म्हणून नया नगरच्या सायबर कॅफेत बसायचं. फीचे पैसे माझ्या थोरल्या नणंदेकडून उसने घेतले.

"चौथीत शाळा सोडलीस, आता इंटरनेटवर मॅट्रिक होणार का गं?" वन्सं हसल्या. पण पैसे दिले.

धड्यात एका बाईंचा आवाज यायचा. थोडं शिकवलं की विचारायच्या, "समजलं का?" खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मी दर वेळी हो दाबायचे. शाळेत नाही म्हणणाऱ्याला बाकावर उभं करायचे, ती भीती अंगात मुरलेली. शिवाय इतकं गोड विचारणाऱ्या बाईंना नाही कसं म्हणायचं? हो हो करत अर्धा कोर्स संपवला. मग चाचणी आली आणि मी साफ नापास झाले.

कोणी ओरडलं नाही. कोणाला कळलंच नाही. कॅफेवाला सुटे परत देत, मान वर न करता म्हणाला, "आंटी, पंखा बंद किया ना?" शाळेत दोन दिवस गैरहजर राहिलं तर मास्तर मुलांना घरी पाठवायचे. इथे मी कितीतरी दिवस गेले नाही, तरी कोणी विचारायला आलं नाही.

मग वन्संचा फोन आला. "काय गं, सोडलंस ना?"

"नाही वन्सं, चालू आहे."

"खरंच?"

"आत्ता निघालेच होते."

फोन ठेवला आणि तोंडातून गेलं ते खरं करायला चप्पल घातली.

पहिल्या धड्यापासून परत सुरुवात केली. "समजलं का?" बाईंनी विचारलं. मी आजूबाजूला पाहिलं आणि नाही दाबलं. बाई रागावल्या नाहीत. तेच सगळं, तितक्याच गोडीनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. समोर मी असले काय, दुसरं कोणी असलं काय, त्या तशाच बोलल्या असत्या.

रोज मन लागायचं नाही. एकदा घरी जाऊन टेकले की जाणं राहायचं, म्हणून लाँड्रीतून परस्पर कॅफेत जायचे. कालची हिंमत आजला पुरायची नाही, रोज नवी आणावी लागायची. आणि ती कोण देणार? आपणच.

पासवर्ड संपायच्या आधी पास झाले. स्क्रीनवर 'अभिनंदन' आलं. कॅफेवाल्याला सांगावंसं वाटलं, पण तो फोनवर होता. पंखा बंद करून निघाले.

शेठनी शब्द पाळला. दर पगाराला भाईंदरला वन्संकडे जाऊन थोडे थोडे पैसे द्यायचे. "आल्या बिलवाल्या मॅडम!" म्हणत त्या चहा टाकायच्या, आणि संध्याकाळ बरी जायची. शेवटच्या नोटा त्यांनी कपाटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "झाले गं पूर्ण." मी माझा कप विसळला, त्यांचाही विसळला, तरी पाय निघेना. पैसे मात्र सगळे फिटले होते.