राजांच्या पंगतीत झुंबरबाई

पोखर्णीच्या भुजंग सोनाराला एक खोड होती. गिऱ्हाइकानं मोडायला आणलेलं जुनं नाणं मुशीत टाकायचं त्याच्या अगदी जिवावर यायचं. तो तेवढ्याच वजनाची आपली चांदी आटवून जोडवी घडवून द्यायचा, अन् नाणं सागवानी फळीवर बसवायचा. फळीवर निजामाचा चारमिनारवाला हाली रुपया होता, इंग्रजांचा कलदार होता, तांब्याचे ढब्बू होते. शनिवारी नृसिंहाच्या दर्शनाला आलेली माणसं दुकानापुढं टेकली, की कोणत्या राजाचं कोणतं नाणं ते हा सांगत बसायचा; हातातलं काम तसंच पडून. "ह्यो माझा अजायबखाना हाय," म्हणायचा. बायको कपाळ बडवायची. बडवू द्या! गडी सुखी होता.

एकच खाच रिकामी होती. औरंगाबादच्या टाकसाळीतल्या बादशाही रुपयासाठी भुजंग बारा वर्षं झुरत होता.

फसली १३५० च्या, म्हणजे इंग्रजी १९४१ च्या उन्हाळ्यात पेडगावची तानुबाई हळदीकुंकवाचा थर बसलेला एक रुपया घेऊन आली. तिची सासू झुंबरबाई वारली होती. देव्हाऱ्यात बसवायला सासूच्या नावाचा चांदीचा टाक करायचा होता.

"तिच्या पूजेतला रुपया हाय, दादा. ह्याच चांदीचा करा, दुसरी चालायची न्हाई," तिनं बजावलं आणि ती देवळात गेली.

भुजंगनं चिंचेच्या पाण्यानं रुपया घासला. अक्षरं वर आली तसा तो रुपया घेऊन उजेडात धावला. तोच, औरंगाबादचा! बदलला असता तर कुणाच्या बापाला कळणार होतं? त्यानं स्वतःची चांदी मुशीत टाकलीसुद्धा, पण भात्याकडं हात जाईना. मेलेल्या बाईच्या नावाचा टाक, आणि त्यात लबाडी? छे!

तानुबाई परतली तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. "माय, मन फिरलं होतं माझं. आता तुमच्यासमोरच आटवतो. फकस्त एकदा डोळं भरून बघू द्या."

तानुबाई रागावली नाही. फळीपाशी जाऊन एकेक नाणं बघत राहिली.

"ह्ये समदे राजे हायत?"

"समदे."

"आन् ह्यो आटवला तर?"

"मंग संपला. पुन्ना दिसायचा न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. "आत्याबाई लगीन होऊन आल्या त्या आल्या, पेडगावची वेस वलांडली न्हाई हो. फिरायची लय हौस होती. बसू द्या त्यांला हितंच, राजांच्या पंगतीत. ह्योच त्यांचा टाक. सणाला मी येते निवद घेऊन."

आणि आली की! दर आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बैलगाडीतून यायची, फळीपुढं पुरणाचा निवद दाखवायची, अन् तो खायला भुजंग तयारच.

एकदा परभणीचे व्यंकटराव मास्तर फळी बघायला आले. त्या रुपयावर बोट ठेवून म्हणाले, "हा कोणत्या बादशहाचा?"

भुजंगनं बादशहाचं नावच घेतलं नाही. "ह्या आमच्या झुंबरबाई, पेडगावच्या. पाया पडा, मास्तर."

मास्तरांनी चपला काढल्या आणि हात जोडले.