डायनोसॉरचं पिल्लू आणि गटारीचं मटण

आम्ही वांगणीला दिरांच्या फार्महाऊसवर गेलो होतो. फार्महाऊस म्हणजे एक खोली, पाण्याची टाकी आणि दिरांचा रुबाब. तिथे ओढ्याकाठची माती खचली होती, त्यात माझ्या पाचवीतल्या लेकीला हाड सापडलं. जेमतेम तिच्या तळहाताएवढं. एका टोकाला दोन गोटे आणि मधे खाच, दुसरं टोक एकदम सपाट. बाईसाहेबांनी जागेवरच निकाल दिला, डायनोसॉर.

"एवढासा?" मी म्हटलं.

"पिल्लू आहे. हे सपाट दिसतंय ना, तिथे दुसऱ्या डायनोसॉरने चावलंय."

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, अशा गोष्टी मला सहन होत नाहीत. म्हटलं, अगं, आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात कुठलं हाड टिकतंय?

"मला कातळात नाही, मातीत सापडलंय," इति कन्या.

खरा घोळ सोमवारी झाला. तिने शाळेत सांगून टाकलं, आणि शेजारी बसणारी मैत्रीण अख्ख्या वर्गासमोर म्हणाली, "थापाडी आहे ही." लेकीने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या सोमवारी पुरावा आणते, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. मला त्या मुलीचा असा राग आला म्हणता! पण रागाने हाड ओळखता येत नाही. आमच्या लॅबमध्ये अनोळखी माल आला की माहितीतल्या सॅम्पलशेजारी ठेवून बघतात. म्हटलं, तसंच करू.

सॅम्पलची वानवा नव्हती. येणारा रविवार गटारीचा होता. तो गेला की श्रावणभर आमच्या घरात हाड औषधालाही मिळालं नसतं.

रविवारी दीर जेवायला आले. लेक स्वतःचं ताट सोडून त्यांच्यासमोर रिकामी वाटी घेऊन बसली.

"काका, ती नळी चावू नका."

"अगं, मजा त्यातच असते."

"चोखा. पण चावू नका."

दिरांनी जन्मात पहिल्यांदा मटण भीत भीत खाल्लं. नवरा तर नुसत्या रश्श्यावर आला. मी ओट्याशी हसू दाबत भाकऱ्या थापत होते.

जेवणं उरकल्यावर आम्ही वाटीतली हाडं साबणाने घासली आणि तिच्या हाडाशेजारी एकेक ठेवत गेलो. एक ठेवलं आणि माझा हात तिथेच थांबला. तेच दोन गोटे, तीच खाच. दुसऱ्या टोकाला तसाच सपाट काप, खाटकाच्या सत्तुराचा. म्हणजे आमच्या आधी कुणीतरी त्या ओढ्यावर पार्टी केली होती, बाकी काही नाही.

लेक त्या कापावरून बोट फिरवत राहिली. मला भडभडून आलं. एरवी एक ठिपका दिसला तरी मी अख्खा लॉट परत पाठवते, पण तेव्हा म्हटलं, "अगदी सेम नाहीये हं. तुझं जरा मोठं वाटतंय."

"आई, काप बघ ना," ती म्हणाली. "बकराच आहे." आणि माझ्या गाऊनमध्ये तोंड लपवून हमसून हमसून रडली.

सोमवारी कामात माझं चित्त नव्हतं. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारलं, "सांगितलंस?"

"हो. बकरा आहे म्हणून."

"हसले?"

"खूप. मग मी दोन्ही हाडांचे काप दाखवले. मग सगळ्यांना हातात घेऊन बघायचं होतं."

"आणि ती?" मला तिचंच पडलं होतं.

"तिच्याकडे पण एक हाड आहे. पालेगावला बिल्डिंगसाठी खणलंय ना, तिथलं. तिला वाटतं वाघाचं आहे. उद्या मला दाखवायला आणणार आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आण. पण बकरा निघाला तर वर्गात रडायचं नाही. घरी जाऊन आईजवळ रडायचं."