गुलालाचं एक बोट

दादा काचेची बाटली सात वेळा धुवायचा. आमची आई म्हणायची, "देवाला हात जोडत न्हाई, अन् सोवळं मातर माझ्या सासूच्या वरताण." बेलापुरात माझ्या या चुलतभावाला सगळे सोवळेदादाच म्हणत. तो पुण्याला प्रयोगशाळेत संशोधन करत होता. मी घरी राहून तिसऱ्यांदा बी.ए.ला बसत होतो. आमची तुलना रोज जेवणाच्या ताटाबरोबरच वाढली जायची.

त्याचं काम त्यानं मला एकदाच समजावलं. पाण्यात चांदीचे, डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचे. त्यांना गुलाबी रंगाचा रेणू चिकटला की लेसरच्या उजेडात त्या रेणूची खूण कितीतरी पटींनी ठळक उमटते. रेणू एकटाच असला तर ती लुकलुकते, मध्येच विझते. परदेशात कुणीतरी असा एकटा रेणू नुकताच पाहिला होता.

"मलाही पकडायचाय, बाळ्या. पण तो मी घातलेलाच पाहिजे. उपरा घुसला की संपलं." हे सांगताना त्यानं माझ्या नखांकडे असं पाहिलं, की मी हात खिशात घातले.

दसऱ्याच्या सुट्टीत तो सगळ्यांत चांगलं जमलेल्या चांदीच्या पाण्याची एक बाटली घेऊन आला. वसतिगृहातल्या पोरांवर त्याचा भरवसा नव्हता, आमच्यावर होता. खंडेनवमीला मी विळे, कोयते, पंपाचे पाने पूजेला मांडले आणि दादाचं हत्यार म्हणून ती बाटलीही मांडली. कुंकू संपलं होतं, म्हणून गणपतीतला उरलेला गुलाल झाकणाला बोटभर लावला. मग ध्यानात आलं, हाही गुलाबीच. दादा रानातून यायच्या आत मी तो ओल्या फडक्यानं पुसला. वरून काहीच दिसत नव्हतं.

दिवाळीत तो आला तेव्हा गाल आत गेले होते. त्या बाटलीतल्या, रंग न घातलेल्या नुसत्या पाण्यातही रंगाची खूण उमटत होती.

"बाटलीला कुणी हात लावलेला का? मी रागवणार न्हाई."

"न्हाई बा," मी म्हणालो आणि चकलीचा तुकडा मोडला. दोनदा नापास झालेल्या मला खोटं मात्र पहिल्याच झटक्यात जमलं.

त्यानंतर त्याचा कशावरच विश्वास राहिला नाही. दुसऱ्या बाटल्यांत खूण दिसली नाही तरी तो म्हणायचा, "विझलेला असंल. नाहीच असं कसं म्हणू?" हातांची सालं निघाली. घरचं पाणी पिताना पेला उजेडात धरून बघत बसायचा. आई मला विचारायची, "याला काय झालंय रे?" मी गुरांना पाणी दाखवायला निघून जायचो. शेवटी संशोधनाची मुदत संपली आणि तो कोपरगावकडच्या साखर कारखान्यात उसाच्या रसाची गोडी तपासायला लागला.

दोन वर्षांनी तिथं जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातली रसाची नळी उजेडात धरली, मग खाली ठेवली.

"तेवढी एकच बाटली? बाकीच्यांना हात न्हाई लावला?"

"बाकीच्या तर पुण्यालाच होत्या, दादा."

"त्यातल्या एकीत दिसला होता मला," तो म्हणाला. "एकटाच. लुकलुकत होता. खोटा समजून ओतून दिला."